भ्रंशापलीकडचं तेल

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या धाकट्या भावाला अजूनही चारचौघांत नीट सांगता येत नाही. तो देवगाव रंगारीला शेती करतो. आलं, मका, थोडा कापूस. कुणी विचारलं की सांगतो, "ताई तेलाच्या कंपनीत होती, आता घरूनच शिकवती." ऐकणारा लगेच विचारतो, पंप कुठल्या रोडला आहे? एका लग्नात तर नवरदेवाच्या मामांनी मला बाजूला घेऊन डीलरशिप कशी मिळते ते विचारलं होतं. मी त्यांना समजावून सांगायला लागले तेवढ्यात पंगत बसली, आणि ते तसंच राहून गेलं.

काम तसं सांगायला अवघड नाही. जमिनीच्या पोटात तेल किती आहे, हा एक प्रश्न. त्यातलं किती वर काढता येईल आणि काढणं परवडेल, हा दुसरा. खाली उतरून कुणी पाहू शकत नाही. काही विहिरी पाडलेल्या असतात, त्यांतून आलेले खडकाचे तुकडे असतात, दाबाचे आकडे असतात, आणि मधल्या सगळ्या जागेचा अंदाज बांधायचा असतो. तो अंदाज तीन भागांत मांडायचा: खात्रीचा साठा, बहुधा मिळेल असा साठा, आणि मिळालाच तर मिळेल असा. बँका कंपनीवर विश्वास टाकतात तो मुख्यतः पहिल्या आकड्याकडं बघून. म्हणून त्यात काय धरायचं आणि काय नाही धरायचं याचे नियम ठरलेले आहेत. ते नियम मी तेल कंपन्यांतल्या इंजिनिअर लोकांना शिकवते.

आधी मी स्वतः कंपनीत हेच काम करायचे. गुजरातेत, मग आसामात, मग परत गुजरातेत. आई आजारी पडली तेव्हा नोकरी सोडून या शहरात परत आले. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळं कुणाला विचारायचं नव्हतं. आई गेली आणि मी इथंच राहिले. छावणीचा बाजार ओलांडून पुढं गेलं की आमची इमारत. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मागच्या खोलीत आईचा पलंग होता, तो भावानं गावी नेला आणि तिथं मी टेबल टाकलं. या शहराखाली सगळा काळा कातळ आहे. तेलाशी इथल्या कुणाचा कसलाही संबंध नाही. शेजारीपाजारी ज्याच्याशी कामाबद्दल बोलावं असं कुणी नव्हतंच.

वर्ग लॅपटॉपवर भरायचा. शिकणारे कुठं कुठं बसलेले असायचे, दिब्रुगडला, बारमेरला, एखादा मस्कतला. पहिल्या दिवशी कॅमेरे सुरू असायचे, दुसऱ्या दिवसापासून एकेक बंद व्हायचा. मग समोर नुसते काळे चौकोन, प्रत्येकावर एकेक नाव. मी प्रश्न विचारला की शांतता पसरायची आणि बऱ्याच वेळानं कुणीतरी म्हणायचं, "येस मॅडम." कधी कुणाचा माइक चुकून चालू राहिला तर त्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू यायची, कुत्रं भुंकायचं, कुणी बाई मुलाला रागवायची. मी त्यांना माइक बंद करा असं लगेच सांगत नसे.

शेजारच्या घरात एक आपा राहायच्या. उर्दू शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झालेल्या. आमच्या दोघींच्या मधली भिंत पातळ होती. एका दुपारी त्या खिचडी आणि चिंचेचा खट्टा घेऊन आल्या आणि दारातूनच माझ्या खांद्यावरून आत बघायला लागल्या. घरात कोण आलंय, असं त्यांनी विचारलं. कुणी नाही, म्हटलं.

"फिर दिनभर किसके साथ बाताँ करते तुम?"

त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्या खरोखर घाबरल्या होत्या. आई गेल्यावर मी एकटी बडबडायला लागले आहे असं त्यांना वाटत होतं आणि ते कुणाला सांगावं या विचारात त्या काही दिवस होत्या, हे नंतर त्यांनीच सांगितलं. मी त्यांना आत नेलं, लॅपटॉप दाखवला. वर्गाला जेवणाची सुट्टी होती, पण चौकोन तसेच होते. आपा खुर्चीवर बसून बराच वेळ बघत राहिल्या.

"इत्ते लोगाँ हैं," त्या म्हणाल्या, "और किसी का मूँ नहीं?"

त्यानंतर त्या अधूनमधून दुपारी यायला लागल्या. लसूण घेऊन यायच्या आणि माझ्या टेबलासमोर, लॅपटॉपच्या मागं, सोलत बसायच्या. मी त्यांच्याकडं बघून शिकवायचे. सच्छिद्र खडक, पाण्याचं प्रमाण, दाब का पडतो. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण आयुष्यभर वर्गात घालवलेलं असल्यामुळं मान कुठं हलवायची ते त्यांना बरोबर कळायचं. त्या आल्या त्या दिवशी माझा वर्ग चांगला व्हायचा.

मग एका हिवाळ्यात एका खाजगी कंपनीनं विचारलं की प्रत्यक्ष वर्ग घ्याल का, पाच दिवसांचा. जागा त्यांनीच सुचवली: आमचंच शहर. त्यांच्या लोकांना एक दिवस वेरूळही दाखवता येईल, म्हणजे शिकणं आणि फिरणं दोन्ही होईल. मी हो म्हटलं आणि नंतर लक्षात आलं की मला प्रमाणाबाहेर आनंद झाला आहे. कपाटातल्या सुती साड्या काढून इस्त्रीला दिल्या. आपांनी त्यातली एक नापसंत करून परत ठेवायला लावली.

जालना रोडवरच्या हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये वर्ग भरला. एसी इतका होता की बायका पहिल्या तासालाच शाली पांघरून बसल्या. पण चेहरे होते. जांभया होत्या, कुणाला पटत नसलं की कपाळाला पडणारी आठी होती. मी बोलता बोलता थांबले तर लोक वर बघायचे. दुपारी जेवताना कुणी मला विचारलं की तुम्ही इथं एकट्या राहता का, आणि मी हो म्हटल्यावर त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

पहिल्या रांगेत एक गृहस्थ बसायचे. निवृत्तीला आलेले भूवैज्ञानिक, मूळचे सोलापूरकडचे, सगळी नोकरी गुजरातेत झालेली. बाकी सगळे तरुण होते आणि त्यांना जरा बिचकून असायचे. ते वर्गात बोलत नसत. सगळं लिहून घ्यायचे, आणि विडी ओढणारा माणूस जसा मधूनच उठून बाहेर जातो तसे जायचे, पण विडी ओढत नव्हते. हॉटेलच्या मागच्या बाजूला त्यांना एकटेच उभे असलेलं मी पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी एक नकाशा वाटला. कुठल्याही खऱ्या ठिकाणाचा नव्हता, शिकवण्यासाठी मीच काढलेला. नकाशात मधून एक भ्रंश जातो. भ्रंश म्हणजे जमिनीतली चीर. तिच्या एका बाजूचे थर खाली सरकलेले असतात. अलीकडच्या बाजूला विहिरी आहेत आणि सगळ्यांत तेल लागलेलं आहे. पलीकडं एकही विहीर नाही. तिकडं तोच वाळूचा थर गेलेला असावा असं दिसतं, पण चिरेतून तेल पलीकडं पोचलं का, हे कुणी पाहिलेलं नाही. तर खात्रीच्या साठ्यात काय धराल?

पोरांनी पटापट हिशेब केले. निम्म्यांनी पलीकडची बाजूही खात्रीत धरली, म्हणाले, वाळू तीच आहे ना. मग त्यांची आपसांत वादावादी झाली आणि हॉलमध्ये बरं वाटण्यासारखा गोंगाट झाला. ते गृहस्थ मात्र नकाशा समोर ठेवून नुसते बसले होते. पेन उघडलेलंही नव्हतं. मी जवळ गेले आणि सर, काही अडलंय का, असं विचारलं. ते हळू आवाजात, मराठीत म्हणाले, "माझं असंच आहे, मॅडम."

मला वाटलं त्यांना बरं वाटत नसावं. मी पुढं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेरूळची बस सुटायची होती. मी सगळ्यांना निरोप द्यायला हॉटेलवर गेले. खरं तर जायची गरज नव्हती. बस निघाली तेव्हा हे गृहस्थ पायऱ्यांवरच उभे, हातात चष्मा आणि चष्म्याची तुटलेली काडी. लेणी तरुणपणी पाहिली आहेत म्हणाले, आणि चष्म्याशिवाय काय दिसणार. जवळ कुठं दुकान आहे का? मी म्हटलं, चला, शहागंजला माझ्या ओळखीचे आहेत.

रिक्षानं आम्ही शहागंजला गेलो. माझ्या वडिलांचा चष्मा ज्या दुकानात व्हायचा ते दुकान अजून आहे. आता मुलगा बसतो, तोही म्हातारा झाला आहे. त्यानं काडी उलटसुलट करून पाहिली आणि नुसत्या स्क्रूनं भागणार नाही, जोड बदलावा लागेल, तासभर बसा, असं सांगितलं. त्यानं चहा मागवला. बाहेर हातगाड्या, रिक्षावाल्यांची ओरड, समोर कपड्यांच्या दुकानातला माणूस कापडाचं थान उलगडून दाखवत होता. आम्ही दोघं भिंतीला लागून असलेल्या बाकावर बसलो. चष्मा नसल्यामुळं त्यांना माझा चेहरा धूसर दिसत असणार. मला वाटतं, म्हणूनच ते बोलले.

त्यांनी सांगितलं ते असं. गुजरातेत ते ज्या भागात काम करत, तिथं वीसेक वर्षांपूर्वी तेल असेल असं कंपनीत कुणालाच वाटत नव्हतं. यांना वाटत होतं. यांनी नकाशे काढले, लोकांच्या मागं लागले, स्वतःचं हसं करून घेतलं, आणि शेवटी एक विहीर पाडायची परवानगी मिळाली. तिला तेल लागलं. त्यानंतर ते त्याच तेलक्षेत्राचे झाले. बढती मिळाली तेव्हाही तिथून हलले नाहीत. बायको मुलाच्या शिक्षणासाठी सोलापूरला राहिली आणि हे कंपनीच्या क्वार्टरमध्ये एकटे. आता त्या विहिरी म्हाताऱ्या झाल्या होत्या. कंपनीला कर्ज हवं होतं, कर्जासाठी खात्रीचा साठा मोठा दिसायला हवा होता, आणि तो मोठा दिसायचा एकच मार्ग होता: भ्रंशापलीकडची बाजू त्यात धरायची. अहवालावर जबाबदार तज्ज्ञ म्हणून सही यांची लागत होती.

मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, पलीकडं तेल नाही?

"आहे," ते म्हणाले. "तिकडं तेल आहे, मॅडम. मला जितकी खात्री आहे तितकी कुणालाच नाही."

"मग?"

"मला खात्री असणं वेगळं आणि दाखवता येणं वेगळं. तुम्हीच शिकवता ना."

वर्गात मी हे वाक्य किती सहज म्हणत होते. दुकानदार आत काहीतरी घासत होता, त्याचा आवाज येत होता.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं की मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं. मी सांगितलं की मी त्यांच्या जागी होते. एका क्षेत्राचा दाब अपेक्षेपेक्षा लवकर पडत होता आणि साठ्याचा आकडा खाली आणणं भाग होतं. वरचे लोक म्हणाले, एक वर्ष थांबा. मी थांबले नाही. आकडा खाली आला, क्षेत्र आटोपतं घ्यायचं ठरलं, तिथली माणसं कुठं कुठं पांगली. त्या क्षेत्रावर काम करणारी एक मैत्रीण होती माझी. आम्ही वर्षानुवर्षं एका क्वार्टरमध्ये राहिलो होतो, एका डब्यात जेवलो होतो.

"ती भांडली?"

"नाही. तिनं कॅन्टीनमध्ये माझ्यासाठी जागा धरायचं बंद केलं."

मला त्यांना धीर द्यायला हवा होता, असं मला नंतर बऱ्याचदा वाटलं. खरं बोललं की मन हलकं होतं, असं काहीतरी. पण ते मला माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही ते मी कसं सांगणार? मी एवढंच म्हटलं की रात्री झोप लागते. त्यांनी मान हलवली.

मग चष्मा आला. दुकानदारानं स्वतःच्या हातानं त्यांच्या कानांवर तो बसवून पाहिला, थोडा वाकवला, परत बसवला. चष्मा लागल्यावर त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि तो विषय तिथंच थांबला. बस किती वाजता परत येईल, एवढंच त्यांनी विचारलं. परतताना रिक्षात ते सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल बोलत होते.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली, सगळ्यांचा एक फोटो झाला. ते जाताना म्हणाले, "चांगलं शिकवलंत." सगळे गेल्यावर हॉटेलची माणसं टेबलांवरची पांढरी कापडं ओढून काढायला लागली. एकानं मला अजून काही हवंय का विचारलं. मी उगाच पाण्याची बाटली मागितली आणि थोडा वेळ बसले. दुसऱ्या दिवशी परत मागची खोली. पुढच्या वर्गाला पहिल्या दिवशी सगळे कॅमेरे सुरू होते आणि तिसऱ्या दिवशी एकही नव्हता.

उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. सही केली नाही, असं त्यांनी सांगितलं. मला वाटलं ते पुढं काय झालं ते सांगतील, पण सांगण्यासारखं फारसं झालंच नव्हतं. कुणी आवाज चढवला नाही. कुणी धमकी दिली नाही. कंपनीनं बाहेरचा एक तज्ज्ञ नेमला, त्यानं सही केली, आकडा त्यांना हवा होता तसा छापून आला. यांना जुन्या विहिरींतून काढलेले खडक ज्या पेट्यांत ठेवतात त्या गोदामात पाठवलं, पेट्या नीट लावून घ्या म्हणाले. तिथं एक टेबल आणि एक पंखा होता.

"माझ्यावाचून काही अडलं नाही, मॅडम," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती; त्यांना त्याचं जरा आश्चर्य वाटत होतं. मग थांबून म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात ते बरोबर आहे, रात्री झोप लागते. दिवसाचं काय करायचं?"

मी त्यांना आपांबद्दल सांगितलं, त्या लसूण सोलत माझ्यासमोर बसतात आणि मी त्यांना तेलाचा दाब शिकवते, म्हणून. ते हसले. गोदामात एक मांजर येते, म्हणाले, तिला शिकवून बघतो.

त्यानंतर ते अधूनमधून फोन करायचे. फार बोलणं नसायचं. तुमच्याकडं पाऊस आहे का, नवीन बॅचमध्ये कुणी हुशार आहे का. मी त्यांना माझ्या पुढच्या वर्गात एक दिवस बोलायला या, असं दोनदा सुचवलं. बघतो, म्हणाले. मग ते निवृत्त होऊन सोलापूरला गेले, मुलाच्या घरी. तिथून फोन कमी झाले. घरात माणसं होती. मला वाटलं, बरं झालं.

त्याच सुमारास आपा न्हाणीघरात घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण हैदराबादची मुलगी आली आणि त्यांना घेऊन गेली. थोड्या दिवसांसाठी, असं ठरलं होतं. जाताना त्यांनी मला त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं आणि म्हणाल्या, "जरा जोर से पढ़ाओ, हैदराबाद तक आवाज आना." कुंड्यांना मी पाणी घालत राहिले. नंतर मुलीचा फोन आला की अम्मी आता इकडंच राहतील. कुंड्या मी माझ्या गॅलरीत आणल्या. शेजारच्या घराला बरेच महिने कुलूप होतं. शिकवताना नजर सवयीनं लॅपटॉपच्या वर जायची आणि तिथं रिकामी खुर्ची असायची. मग मी ती खुर्ची स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

पुढच्या थंडीत, एका सकाळी वर्गाला चहाची सुट्टी दिली होती तेव्हा सोलापूरहून फोन आला.

"मॅडम, तेल निघालं."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. कंपनीनं भ्रंशापलीकडं विहीर पाडली होती आणि तिला तेल लागलं होतं. आता सगळे म्हणणार, म्हातारा चुकला. ज्यांनी सही केली ते बरोबर ठरले आणि हा उगाच गोदामात जाऊन बसला. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांच्या खात्यातल्याच एकानं सकाळीच फोन करून, हसत हसत, मुद्दाम कळवलं होतं.

मी घाईघाईनं बोलायला लागले. म्हटलं, सर, त्या दिवशी जे हातात होतं त्यावरून ते खात्रीत धरता येत नव्हतंच. आज तेल लागलं म्हणून तेव्हाचा आकडा खरा होत नाही. तुम्ही केलंत ते बरोबरच होतं, मी आजही वर्गात हेच...

"अहो, ते सोडा," ते म्हणाले. "ते मला माहीत आहे. मी त्यासाठी फोन नाही केला."

मी विचारलं, मग कशासाठी?

"वाळूचा थर मी काढला होता तितकाच जाड निघाला. खोलीसुद्धा जवळजवळ तीच. मॅडम, मी पंधरा वर्षं म्हणत होतो." त्यांचा आवाज फुटत होता, आणि ते हसतही होते. "मला एवढा आनंद झालाय आणि घरात कुणाला सांगावं कळेना. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, मग आता तुम्हाला परत बोलावणार का? मुलगा म्हणाला, बाबा, जाऊ द्या ना ते आता. म्हणून तुम्हाला केला."

मी खाली बसले. मग आम्ही बोललो. थर किती जाड, मध्ये चिकणमातीचे पट्टे किती, पाणी कुठून सुरू होतं, दाब अलीकडच्या विहिरींसारखाच आहे की वेगळा. वेगळा आहे म्हणाले, म्हणजे चीर खरंच बंद आहे, म्हणजे तेल तिकडं दुसऱ्या वाटेनं आलं असणार. ती वाट कोणती असेल यावर आमचा वाद झाला. ते म्हणाले उत्तरेकडून, मी म्हटलं खालून. पुष्कळ दिवसांनी मी कुणाशी वाद घातला. मागून नातवंडाचा रडण्याचा आवाज आला, कुणीतरी त्यांना हाक मारली, आणि त्यांनी ठेवतो म्हणून फोन ठेवला.

लॅपटॉपमधून कुणीतरी बराच वेळ विचारत होतं, "मॅडम, शुरू करें?" चहाची सुट्टी कधीच संपली होती. मी माइक सुरू केला आणि उशीर झाल्याबद्दल माफी मागितली. मग मला राहवेना. मी सांगितलं की माझ्या ओळखीच्या एका भूवैज्ञानिकानं जिथं तेल असेल असं म्हटलं होतं तिथं आज तेल मिळालं. नाव, गाव काही सांगितलं नाही. चौकोन शांत होते. एकानं अंगठ्याचं चित्र पाठवलं. एकानं लिहिलं, "नाइस." मी पुढचा धडा उघडला.

संध्याकाळी आपांना फोन लावला, तर त्यांच्या मुलीनं उचलला. अम्मी सोयी है, म्हणाली. हल्ली त्या संध्याकाळीच झोपायच्या. मग भावाला लावला. तो शेतात होता, मागं मोटारीचा आवाज येत होता. मी म्हटलं, अरे, तेल निघालं.

"आपल्याकडं?"

"नाय रे. गुजरातेत."

"मग तुझं काय त्यात?"

काही नाही, म्हटलं, सहज सांगितलं. तो व्हय म्हणाला, आणि मग रविवारी ये, आलं काढायला घेतलंय, असं म्हणाला.

रविवारी मी गेले. शेतात बायका ओळीनं बसून आलं उपटून माती झटकत होत्या, सगळीकडं तो वास पसरला होता. भावजयीनं चुलीवर भाकरी केल्या. घरात पाहुणे होते, बोलणी चालली होती कुणाच्या तरी सोयरिकीची. तेलाचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही. दुपार कलल्यावर भाऊ मला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडायला निघाला. कॅनॉलच्या पुलावर रस्ता खराब आहे, तिथं त्यानं गाडी हळू केली आणि मान न वळवता विचारलं, "किती खोल व्हतं ते तेल?"

मी खोली सांगितली. तो ती शेतातल्या त्याच्या बोअरशी ताडून बघत असावा.

"लई खोल," तो म्हणाला, आणि पूल ओलांडल्यावर त्यानं गाडी परत वेगात घेतली.